एका करारनाम्याचे रसग्रहण

पुस्तक-परीक्षणासाठी मला कुणी विचारत नाही. बँकेतल्या कारकुनानं पासबुकं वाचावीत, पुस्तकं नव्हेत, असा आमच्या सदाशिव पेठेत समज आहे. तरीही आज एका गद्यकृतीचं परीक्षण करायचं धाडस करतो. पृष्ठं चार, लेखक अज्ञात, किंमत २०,००० रुपये. कृतीचं नाव : 'लिव्ह अँड लायसन्सचा करारनामा'.

ही कृती माझ्या भाच्यामुळं हाती आली. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी तो साताऱ्याहून आला आणि आमच्या मागच्या गल्लीत ११ महिन्यांसाठी एक खोली घेतली. मुदत संपल्यावर अनामत परत मागायला गेला, तर मालकांनी कलम ९ पुढं केलं. स्वारी तडक माझ्याकडे. "मामा, तुम्ही कॉमर्सवाले. बघा बरं हे."

बघितलं. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, असं आम्हाला शाळेत निबंधाचे मास्तर सांगत. या लेखकालाही तेच मास्तर असावेत. पहिल्या कलमातले 'लिहून देणार' तिसऱ्यात 'मालक' होतात आणि आठव्यात 'प्रथम पक्ष'. खोलीची आधी 'सदर जागा' होते, मग 'उक्त मिळकत', आणि शेवटी चक्क 'वास्तू'. दहा बाय बाराची खोली ती! वास्तू म्हटल्यावर शांत करून चार माणसं जेवायला घालायची, तर ती बसवायची कुठं?

खरी गंमत पुढंच आहे. कलम ४ म्हणतं, 'अनामत रक्कम जागा सोडतेवेळी परत मिळेल.' कलम ९ म्हणतं, 'आगाऊ रक्कम रंगरंगोटीपोटी जमा होईल, ती परत मागता येणार नाही.' पैसे दिले होते एकदाच. भाचा म्हणतो, ते अनामतीचे. मालक म्हणतात, आगाऊ रकमेचे.

कवीनं चंद्राला शशी म्हटलं, सुधाकर म्हटलं, तरी चंद्र एकच राहतो. करारात मात्र दुसरा शब्द आला की दुसरी वस्तू जन्माला येते. वकील लगेच विचारतो, वेगळं काही म्हणायचं नव्हतं, तर वेगळा शब्द का घातला? म्हणून सुरुवातीलाच व्याख्या करायची आणि सहीपर्यंत ती सोडायची नाही. आमच्या बँकेत पहिल्या पानावरचा कर्जदार शेवटच्या पानावरही कर्जदारच असतो. वाचायला कंटाळा येतो, पण वसुलीला बरं पडतं.

शब्दाची किंमत जुन्या वाड्यांना तर चांगलीच ठाऊक. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं 'भाडेकरू'ला संरक्षण दिलं, तेव्हा पुष्कळ मालक तो शब्द टाळून 'लायसन्सी' लिहून घेऊ लागले. पुढं दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेले लोक भाडेकरू मानले गेले. खोली तीच, माणूस तोच. फक्त नाव बदललं आणि त्याला बाहेर काढणं अवघड होऊन बसलं. आताच्या १९९९ च्या कायद्यातलं कलम ५५ सांगतं, की करार लेखी आणि नोंदवलेला हवा. तो समजेल असा हवा, एवढं सांगायचं राहिलं.

१९६२ साली सरकारनं पदनाम कोश काढला, तेव्हा लोकांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून चिडवलं. वडिलांकडून ते ऐकून मीही बरीच वर्षं हसत आलो. शब्द बोजड होते खरे. पण एका पदाला एकच नाव, हा हट्ट काही वेडेपणाचा नव्हता. हे कळायला भाच्याची अनामत अडकावी लागली.

शेवटी मालकांकडे गेलो. म्हटलं, "पावती काढा." त्यांनी काढली. तिच्यावर त्यांच्याच अक्षरात होतं : 'डिपॉझिट मिळाले.'

म्हणजे ना कलम ४, ना कलम ९! दोघंही निरुत्तर झालो. चहा झाला आणि निम्म्यावर तोड निघाली. एका प्रतिशब्दाचे १०,००० रुपये पडले.

भाच्याच्या नव्या खोलीचा मसुदा मीच लिहिला. 'अनामत' हा शब्द त्यात चौदा वेळा आहे, आणि चौदाही वेळा 'अनामत'च आहे. वाचून भाचा म्हणाला, "मामा, फार रटाळ लिहिलंत हो!"

माझ्या लेखनाला मिळालेली इतकी मनापासूनची दाद मला दुसरी आठवत नाही.