अनवाणी पाय आणि नऊ महिने

वसई-विरार महानगरपालिकेची मॅरेथॉन २०११ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून डिसेंबर महिना जवळ आला कीं या भागांतील रस्ते पहाटेपासूनच जागे होऊं लागतात. बोळिंज, आगाशी, पापडी येथील रस्त्यांवर, सुरूच्या बागेलगतच्या वाळूंत, जीवदानीच्या गडाच्या पायऱ्यांवर, जेथें पाहावें तेथें धांवणारीं माणसें दिसतात. त्यांत शाळकरी मुलें आहेत, नोकरदार स्त्रिया आहेत, आणि विरारच्या गाडींत रोज दोन-तीन तास उभे राहून मुंबईची नोकरी करणारे गृहस्थही आहेत. हा उत्साह आम्हांस मनापासून आवडतो. परंतु जानेवारी उजाडला कीं यांतील कित्येक जण स्थानकाचा जिना कठडा धरून एकेक पायरी उतरूं लागतात, हेंही आम्हीं पाहिलें आहे. त्यांपैकीं कोणास विचारलें कीं हें दुखणें कशानें आलें, तर बहुधा दोनांपैकीं एक उत्तर मिळतें. एक, बूट वाईट होते. दुसरें, बूट होते हेंच वाईट.

पहिलें उत्तर दुकानदाराच्या सोयीचें आहे. तें सोडून देऊं. दुसऱ्या उत्तराचा उगम मात्र एका पुस्तकांत आहे, आणि ज्यांनीं तें पुस्तक वाचलें नाहीं तेही त्याचाच सिद्धान्त बोलत असतात, म्हणून त्याचें परीक्षण करणें उचित वाटतें. ख्रिस्तोफर मॅकडूगल या अमेरिकन पत्रकाराचें 'बॉर्न टु रन' हें तें पुस्तक. 'धांवण्यासाठींच जन्मलेले' असा त्या नांवाचा अर्थ. तें २००९ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां आमचें हें परीक्षण फार उशिराचें आहे हें आम्ही जाणतों. पण असल्या पुस्तकाची खरी पारख त्याचे भक्त आणि त्याचे रोगी असे दोन्ही वर्ग तयार झाल्यावरच करतां येते.

ग्रंथाचा आरंभ एका अगदीं घरगुती प्रश्नानें होतो: माझा पाय कां दुखतो? लेखक धिप्पाड, धांवण्याची हौस असलेला आणि पुनःपुन्हां जायबंदी होणारा. डॉक्टर त्यास सांगतात कीं तुझ्यासारख्या देहानें धांवूं नये. या उत्तरानें समाधान न होऊन तो मेक्सिको देशांतील कॉपर कॅनियन नांवाच्या दऱ्याखोऱ्यांत जातो. तेथें रारामुरी लोकांची वस्ती आहे. बाहेरचे लोक त्यांस तारहुमारा म्हणतात. टायरच्या रबराचे तुकडे तळव्यांना बांधून हे लोक डोंगरांतून कित्येक मैल धांवतात, आणि धांवतांना हंसतात. तेथेंच 'काबाल्लो ब्लांको', म्हणजे पांढरा घोडा, असें नांव घेऊन राहणारा एक विक्षिप्त अमेरिकन लेखकास भेटतो. पुढें २००६ सालीं स्कॉट जुरेक यासारखे नामांकित धांवपटू आणि रारामुरी यांची सुमारें पन्नास मैलांची शर्यत त्या दरींत लागते व आर्नुल्फो किमारे हा रारामुरी जुरेकला मागें टाकतो. ही कथा मॅकडूगलनें अशा वेगानें सांगितली आहे कीं पुस्तक खालीं ठेवून बाहेर धांवत सुटावेंसें वाटावें. पुष्कळ जण सुटलेही.

परंतु कथाकाराचा जो गुण तोच येथें विचारवंताचा दोष झाला आहे. कथेला खलनायक लागतो, आणि मॅकडूगलला तो बुटांत सांपडला. गुबगुबीत तळाच्या बुटानें माणसाला टांचेवर आपटावयास शिकविलें, पाऊल आळशी केलें आणि सारीं दुखणीं निर्माण केलीं, असा त्याचा अभियोग आहे. २०१० सालीं हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनिएल लीबरमन व त्यांचे सहकारी यांचा निबंध 'नेचर' या नियतकालिकांत आला. सदैव अनवाणी धांवणारे लोक बहुधा पावलाच्या पुढील भागावर उतरतात व त्यामुळें जमिनीचा पहिला धक्का सौम्य होतो, असें त्यांत दाखविलें होतें. एवढ्यावरून अनवाणी धांवल्यानें दुखापत टळते असें सिद्ध होत नव्हतें. पण इतकें थांबून वाचतो कोण? प्रत्येक बोटाला निराळी खोळ असलेले पातळ रबरी जोडे बाजारांत होते, ते भराभर खपले. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अनुभवी धांवपटूंनीं दहा आठवड्यांत या जोड्यांची संवय करून घेण्याचा यत्न केला, तेव्हां जोडे वापरणाऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या पावलांच्या हाडांत आंतून सूज आल्याचें आढळलें. पुढें २०१४ सालीं, जोड्यांच्या आरोग्यगुणांविषयीं केलेल्या दाव्यांवरून अमेरिकेंत लागलेला खटला कारखानदारानें साडेसदतीस लक्ष डॉलरांवर मिटविला. चूक मात्र कबूल केली नाहीं.

येथवर मॅकडूगलचे विरोधकही सांगतात. आमचा आक्षेप याहून निराळा आहे. या सिद्धान्ताचें उत्तर त्याच पुस्तकांत पडलेलें आहे आणि ग्रंथकारानें तें ओलांडून पुढें मजल मारली आहे. शर्यतीपूर्वीं तो एरिक ऑर्टन नांवाच्या शिक्षकाच्या हाताखालीं सुमारें नऊ महिने तयारी करतो. पाऊल कसें टाकावें, टेकडी कशी चढावी, किती हळू धांवावें, बळाचे व्यायाम कोणते करावे, हें सारें क्रमानें चालतें. शर्यतीच्या दिवशीं त्यास बारा तासांहून अधिक वेळ लागतो. जेत्यांना तीच वाट दुसऱ्यांदा पुरी करतां आली असती एवढा. पण तो धड पायांनीं शेवटास जातो. पहिल्या पानावर जो प्रश्न विचारला होता त्याचें उत्तर या नऊ महिन्यांत आहे, आणि श्रेय मिळालें तें उघड्या तळव्यांना. कलादृष्ट्या याचें कारण दिसतेंच: रोजच्या सावकाश चढत्या क्रमांत नाट्य नसतें, जोडे भिरकावून देण्यांत असतें.

रारामुरींच्या चित्रणांतही हाच दोष आहे. जन्मतःच अलौकिक धांवणारी, सुधारणेनें न बाटलेली जमात, असें त्यांचें रूप रंगविलें आहे. ज्या लीबरमन यांच्या संशोधनाचा आधार या पंथास वाटतो, त्यांनींच इतरांसह २०२० सालीं या 'रानटी पण अचाट' कल्पनेचें सविस्तर खंडन केलें. रारामुरी कांहीं देहानें वेगळे नाहींत. त्यांचें चालणें, डोंगर चढणें, नाचणें आणि चेंडूमागें धांवण्याच्या शर्यती हें सारें आयुष्यभर चाललेलें असतें व त्यांस सामाजिक आणि धार्मिक अर्थ आहे. म्हणजे तेथेंही क्रमच. फक्त तो पाळण्यांतून सुरू झालेला.

या क्रमाचें महत्त्व शरीराच्या दृष्टीनें काय आहे तें थोडें सांगितलें पाहिजे, कारण पुस्तकांत नेमकें त्याच जागीं पाणी पातळ आहे. नवा धांवणारा सहा-आठ आठवड्यांत पाहतो कीं पूर्वीसारखा दम लागत नाहीं. हृदय आणि स्नायु लौकर शिकतात. हाड, आणि स्नायूला हाडाशीं जोडणारी कंडरा, हीं मात्र सावकाश शिकणारीं. हाडावर नवा भार पडला कीं तें आधीं आपला थकलेला भाग पोखरून काढतें आणि मग त्या जागीं नवें हाड भरतें. पोखरणें आठवड्यांत होतें, भरण्यास महिने लागतात, आणि मधल्या काळांत हाड पूर्वीपेक्षां कांहींसें अशक्त असतें. नेमक्या याच वेळीं श्वासानें धीर दिलेला माणूस अंतर वाढवितो. नडगीची कळ, पावलाच्या लांब हाडांतील बारीक चीर, टांचेमागील कंडरेचा ठणका, तळपायाचें सकाळचें दुखणें, गुडघ्याच्या वाटीभोंवतालची वेदना, यांचा बहुतेक भाग या विसंगतींतून निघतो. (घरांतील वडीलधारी मंडळी 'गुडघे झिजतील' म्हणून जी भीति घालतात ती मात्र निराळी. २०१७ सालच्या एका संकलनांत हौसेनें धांवणाऱ्यांपैकीं साडेतीन टक्क्यांस गुडघ्याचा वा खुब्याचा संधिवात आढळला, तर बैठें जीवन जगणाऱ्यांपैकीं दहा टक्क्यांस.)

मग क्रम कोणता धरावा? धांवणाऱ्या मंडळींत दहा टक्क्यांचा नियम वेदवाक्यासारखा चालतो: दर आठवड्याचें अंतर गेल्या आठवड्याहून दहा टक्क्यांपेक्षां अधिक वाढवूं नये. नेदर्लंड्समधील ग्रोनिंगन येथें नवशिक्यांवर या नियमाची परीक्षा झाली व ती २००८ सालीं प्रसिद्ध झाली. एका गटानें तेरा आठवडे या बेतानें तयारी केली, दुसऱ्यानें आठ आठवडे नेहमीच्या बेतानें. दोन्ही गटांत शेंकडा वीस लोक जायबंदी झाले. नियमाचे भक्त याविषयीं फारसें बोलत नाहींत. पुढें २०२५ सालीं ५,२०५ धांवपटूंच्या दीड वर्षाच्या नोंदींचा अभ्यास निघाला व त्यानें गांठ बरीच सोडविली. आठवड्याच्या बेरजेंतील वाढीशीं दुखापतीचा तसा संबंध दिसला नाहीं. दिसला तो एकेका धांवेशीं. मागील तीस दिवसांतील सर्वांत लांब धांवेपेक्षां आजची धांव दहा टक्क्यांहून अधिक लांब झाली कीं धोका वाढे, आणि ती दुपटीच्या वर गेली कीं धोकाही दुपटीच्या वर जाई.

हें वाचून आम्हांस वसईची अर्धी मॅरेथॉन आठवली. ती एकवीस किलोमीटरांची असते. ज्यानें नोव्हेंबरभर दहा किलोमीटरांपलीकडे पाऊल टाकलें नाहीं तो त्या एका सकाळींत दुपटीची उडी घेतो. मग त्याच्या पायांत बूट असोत कीं नसोत. वाटेवर दुतर्फा लोक टाळ्या वाजवीत असतात, ढोल-ताशे असतात. अशा वेळीं थांबणें कोणास सुचावें?

अनवाणी पायांचा मोह आम्हां मराठी वाचकांस विशेष असण्याचें कारणही आहे. पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत शेतकऱ्यांचीं पोरें अनवाणी धांवतांना पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले, आणि त्यांतूनच १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस हिंदी धांवपटू गेले. बेळगांवकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले तेथें मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. ती शर्यत पावणेत्रेचाळीस किलोमीटरांची, म्हणजे आजच्या मॅरेथॉनहून लांब होती, आणि त्यांनीं ती दोन तास पन्नास मिनिटें व कांहीं सेकंदांत पुरी केली. त्यांच्याबरोबर धांवलेल्या सदाशिव दातार यांना ती पुरी करतां आली नाहीं. चौगुल्यांचें नांव घेऊन आज कोणी जोडे फेंकून देत असेल तर त्यानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं शेतकऱ्याचें पोर चालूं लागल्यापासून ढेकळांत अनवाणी वावरतें. विरारच्या गाडींतील गृहस्थाचें पाऊल वीस वर्षें चामड्यांत बांधलेलें असतें.

मॅकडूगलवर टीका करीत असतां आपल्या लेखकांसही सोडून चालणार नाहीं. मॅरेथॉनचीं मराठी वृत्तें वाचावीं तर त्यांत लंगडत शेवटास गेलेल्या माणसाची स्तुति ठरलेली. 'जिद्द' हा एकच शब्द सर्व वेदनांवर चोपडला जातो. ज्या भाषेंत दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनीं बडोद्यास बसून १९३६ ते १९४९ या काळांत व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, त्या भाषेंत धांवणाऱ्याच्या दुखण्याला इतकाच शब्द उरावा हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें. कारण वेदना एक नसते. स्वीडनमधील शल्यवैद्य होकान आल्फ्रेडसन यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. टांचेमागील कंडरा दुखत असतां त्यांनीं शस्त्रक्रिया मागितली, वरिष्ठांनीं नाकारली. तेव्हां कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल अशा हट्टानें त्यांनीं पायरीच्या कडेवर उभें राहून टांचा सावकाश खालीं सोडण्याचा सपाटा लावला, आणि कंडरा बरी झाली, असें सांगतात. १९९८ सालीं त्यांनीं पंधरा हौशी खेळाडूंवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रोज दोन वेळां, गुडघा ताठ ठेवून आणि वांकवून, पंधरा-पंधराच्या तीन-तीन फेऱ्या, बारा आठवडे. त्रास झाला तरी थांबावयाचें नाहीं. ते सर्व जण पुन्हां धांवूं लागले. आज जगभर फिजिओथेरपिस्ट हा व्यायाम देतात, आणि त्यास साधन म्हणून एक पायरी पुरते.

आतां पाहावें, कंडरेला जो भार औषध होतो तोच भार नडगीच्या हाडांतील चिरेवर टाकला तर चीर वाढून हाड मोडूं शकतें. तेथें आठवडेच्या आठवडे विश्रांति घ्यावी लागते. दोन वेदना वीतभर अंतरावर, आणि उपाय परस्परविरुद्ध. कोणती कोठली हें जिद्दीला कळत नाहीं, अनवाणी तळव्यालाही कळत नाहीं. त्यासाठीं बोटानें दाबून, एका पायावर उड्या मारावयास लावून, गेल्या महिन्याचीं अंतरें विचारून पाहणारें शिकलेलें माणूस लागतें. 'बॉर्न टु रन'मध्यें वैद्य-डॉक्टर आरंभींच येतात, परंतु कथेनें त्यांस बुटांच्याच पंक्तीस बसविलें आहे.