नहपानाच्या नाण्यांवरील मुखाकृती : रोमन अनुकरणाचा प्रश्न आणि कोंडाणे

क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवरील मुखाकृती म्हणजे रोमन देनारियसवरील सम्राटमुखाची नक्कल, असे विधान वारंवार केले जाते. ते अर्धेच खरे आहे. ‘पेरिप्लस’नुसार रोमन सोन्याचांदीची नाणी भडोचला येत व स्थानिक चलनाशी त्यांचा विनिमय लाभदायक ठरे, नमुना हाताशी होता, यात शंका नाही. मात्र भारतात विपुल सापडणाऱ्या ऑगस्टसच्या देनारियसच्या मागील बाजूस गायस व लुसियस हे दोन वारस ढाली घेऊन उभे दिसतात. नहपानाने तेथे बाण आणि वज्र कोरविले. पुढील बाजूची अक्षरे ग्रीक, पण त्यांतील भाषा प्राकृत. उसनी घेतली ती मांडणी, आशय नव्हे.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यांचे अभ्यासक एच. आर. स्कॉट यांना मुखाकृतींत एकवाक्यता आढळली नाही : कोठे तरुण चेहरा, कोठे वृद्ध. ही चित्रे घराण्यातील निरनिराळ्या व्यक्तींची असावीत, हा त्यांचा तर्क मात्र पटणारा नाही, कारण नाव सर्वत्र नहपानाचेच आहे. कोरक्यांपाशी राजमुखाचा संकेत होता, प्रत्यक्ष साम्याचा आग्रह नव्हता, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने चैत्य आणि उज्जैन चिन्ह पुन्हा ठोकले. नाणी वितळविली नाहीत. जुन्या मुखाच्या रेषा छापाखालून कित्येकदा डोकावतात.

मुखाकृतीची कलाच रोमकडून आली, असे म्हणणाऱ्यांनी कर्जतजवळील कोंडाणे लेणे पाहावे. नहपानापूर्वीच्या या चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशेजारी भग्न पुरुषमूर्तीचे मस्तक असून त्यालगत ब्राह्मी लेख आहे : कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. नाण्याप्रमाणे येथेही मुख आणि नाव शेजारीशेजारी आहेत. पण नाव करणाऱ्याचे आहे, मूर्ती कोणाची हे लेख सांगत नाही. खालापूरकडून बोरघाट चढून गेल्यावर कार्ल्याच्या स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने नोंदलेली आढळतात. या परकीय म्हणविणाऱ्या दात्यांनीही आपली नावे प्राकृतात, ब्राह्मी लिपीत कोरवून घेतली. चेहरे कोरविले नाहीत.