उतारा आणि चावडीवाचन : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात विदासंस्कृतीची समीक्षा

मराठीतील 'उतारा' या शब्दाचा अर्थविस्तार अभ्यसनीय आहे. ग्रंथातून घेतलेला वेचा तो उतारा. तलाठ्याच्या दप्तरातून मिळणारी सात-बाराची नक्कल तोही उतारा. एकरी पीक किती आले हे शेतकरी उताऱ्यानेच सांगतो. आणि साखर कारखान्यात उसापासून निघणाऱ्या साखरेच्या शेकडा प्रमाणासही उताराच म्हणतात. शहादे शहरालगतच्या लोणखेडा परिसरात हे चारही अर्थ नित्याच्या बोलण्यात आहेत. पहिला विद्यालयांत व महाविद्यालयांत, उरलेले तीन शेतीच्या व्यवहारात. या चारही अर्थांत एक सूत्र समान आहे. उतारा म्हणजे मूळ वस्तू नव्हे. मुळातून काढलेला आणि मुळाशी ताडून पाहता येईल असा अंश होय. उताऱ्याची विश्वसनीयता या ताडून पाहण्यावर अवलंबून असते. तो ताडून पाहण्याचा अधिकार कोणास आहे, हा सध्या विदासंस्कृती या नावाने चर्चिल्या जाणाऱ्या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

शासकीय कचेऱ्या व उद्योगसंस्था यांत विदाविश्लेषणाची संस्कृती रुजविली पाहिजे, असे प्रतिपादन अलीकडे वारंवार केले जाते. त्यासाठी सुचविण्यात येणारी साधने साधारणतः तीन : संगणकीय यंत्रणा, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि वरिष्ठांपुढे सदैव खुला असणारा निर्देशांकांचा फलक. ही तिन्ही साधने उपयुक्त आहेत, याविषयी वाद नाही. परंतु संस्कृती हा शब्द योजिला की केवळ साधनांची यादी पुरेशी ठरत नाही. मुद्रणयंत्रे आली म्हणजे वाचनसंस्कृती आली असे कोणी म्हणत नाही. वाचणारा, वाचलेल्यावर प्रश्न विचारणारा आणि चुकीचा पाठ दुरुस्त करून घेणारा समाज असावा लागतो. आकडेवारीच्या बाबतीतही हीच कसोटी लावावयास हवी. नंदुरबार जिल्हा या कसोटीसाठी विशेष सोयीचा आहे; कारण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत देशातील अनेक विदाप्रयोगांचा प्रारंभ किंवा प्रयोग या भूमीवर झाला आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६ लक्ष ४८ सहस्र इतकी असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा ६९ हून अधिक आहे. याच जिल्ह्यातील शहादे तालुक्यात टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र शासनाने विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, त्यात महाराष्ट्रातील गडचिरोली, वाशीम व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासमवेत नंदुरबारचा समावेश झाला. बारा अंकांनी व्यक्ती ओळखावी आणि ४९ निर्देशांकांनी जिल्हा ओळखावा, असे हे दोन उपक्रम होत.

दुसऱ्या उपक्रमाचे नाव भाषिक दृष्ट्या तपासण्यासारखे आहे. हिंदीत या जिल्ह्यांना 'आकांक्षी' म्हटले जाते. मराठी शासनव्यवहारात व वृत्तपत्रांत 'आकांक्षित' हे रूप रूढ झाले. 'आकांक्षी' हे कर्तृवाचक रूप आहे. आकांक्षा बाळगणारा तो आकांक्षी. 'आकांक्षित' हे कर्मवाचक धातुसाधित आहे. ज्याची आकांक्षा कोणी तरी अन्य करतो ते आकांक्षित. रूढीने हा भेद पुसला गेला, लेखकांचा तसा हेतू नव्हता, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, अनवधानाने पडलेल्या या नावाने कार्यक्रमाची रचना अचूक व्यक्त केली आहे. आरोग्य व पोषण यांस शेकडा ३०, शिक्षणास ३०, कृषी व जलसंपदा यांस २०, वित्तीय समावेशन व कौशल्य यांस १० आणि पायाभूत सुविधांस १० असा भार देऊन जिल्ह्यांची मासिक प्रगती मोजली जाते आणि तिच्यावरून क्रमवारी लावली जाते. कोणत्या गोष्टीस किती भार द्यावा, हे दिल्लीत ठरते. अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावरील रहिवाशाच्या दृष्टीने रस्ता आणि आरोग्य यांत एकास तीन असे प्रमाण मानावे काय, हा प्रश्न त्यास विचारण्याची व्यवस्था या रचनेत नाही. आजारी माणसास झोळीतून खाली न्यावे लागते तेथे रस्ता हाच आरोग्याचा निर्देशांक असतो.

या कार्यक्रमाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पूर्वी वर्षाकाठी एकदा अहवालात निजणारे आकडे त्यामुळे दरमहा जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत येऊ लागले. एका खात्याचा आकडा दुसऱ्या खात्यास दिसू लागला, आणि दुर्लक्षित जिल्ह्यांकडे लक्ष वेधले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१ मध्ये केलेल्या परीक्षणातही त्याची प्रशंसा आढळते. परंतु क्रमवारीचा एक स्वाभाविक परिणाम असतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या चर्चेत तो दाखवून दिला. एखादे मापक नियंत्रणासाठी वापरू लागताच त्याचा मूळ वस्तुस्थितीशी असलेला संबंध सुटू लागतो. क्रमांक वर नेण्याची निकड जेवढी तीव्र, तेवढा उतारा मुळाशी ताडून पाहण्याचा उत्साह मंद होतो.

याउलट उदाहरण याच तालुक्यात आहे. पुरुषोत्तमनगर येथे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि उसाबरोबर 'उतारा' हा शब्द नव्या अर्थाने घराघरांत गेला. २००९ पासून उसाचा रास्त व किफायतशीर दर साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी शेकडा १०.२५ उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा दर असून त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे वाढ मिळते. म्हणजे शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यास दशांश चिन्हानंतरच्या एका अंकाची किंमत ३,४६० रुपये पडते. अशा आकड्याचे वाचन कोणास शिकवावे लागत नाही. काट्यावरचे वजन, प्रयोगशाळेतील पृथक्करण, तोडणी-वाहतुकीची कपात या प्रत्येक पायरीवर महाराष्ट्रातील ऊस-उत्पादक शंका घेतो, भांडतो, प्रसंगी न्यायालयात जातो. कोणत्या हंगामाचा उतारा धरून दर द्यावा आणि तो किती हप्त्यांत द्यावा, याविषयी राज्य शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेला निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्दबातल ठरविला, तो अशाच भांडणातून. प्रवरानगरच्या कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या समवेत धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ १९५० च्या सुमारास उभा राहिला, त्यामागेही हाच विचार होता. हिशेब ज्याचा आहे त्यास तो कळला पाहिजे, हे सहकाराचे तत्त्व होय. सहकारी कारखानदारीत पुढे अनेक दोष शिरले. काटामारीसारखा शब्द त्याची साक्ष देतो. परंतु तो शब्द अस्तित्वात आहे, यातच वाचकाची जागरूकता दिसते. निर्देशांकांच्या फलकावरील खोट्या नोंदीस लोकभाषेत अद्याप तसा शब्द नाही.

तथापि या उदाहरणाचीही मर्यादा आहे. ऊस-उत्पादक भांडू शकतो, कारण तो सभासद आहे, जमीनधारक आहे. ऊसतोड मजूर, ज्यांत आदिवासींचे प्रमाण या भागात मोठे आहे, त्याच काट्यावरील वजनावर मजुरी मिळवितो. पण उताऱ्याच्या चर्चेत त्यास स्थान नाही. आकडा वाचता येणे हा जसा साक्षरतेचा प्रश्न, तसाच तो सत्तेचाही प्रश्न आहे. शहाद्याच्या इतिहासात याचा पुरावा सापडतो. १९७२ साली येथे उदयास आलेल्या श्रमिक संघटनेने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आणला. जमीन गेली ती प्रायः कागदाच्या वाटेने. ज्यास वाचता येत नाही अशाचा अंगठा, ज्यास वाचता येते अशाचा फेरफार. ती परत मागताना पुन्हा त्याच दप्तराचा आधार घ्यावा लागला; आणि १९७४ मध्ये अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याविषयीचा राज्याचा कायदा झाला. सात-बाराचा एकच उतारा प्रथम जमीन हिरावण्याचे व नंतर ती मागण्याचे साधन झाला. दप्तर तेच होते, त्याचा वाचक बदलला होता.

आता जे मोजले जाते त्याच्या नावांकडे वळू. वर्गीकरण हे मोजणीच्या आधी घडते, आणि वर्गीकरण ही भाषिक क्रिया आहे. २०११ च्या जनगणनेत लोकांनी आपल्या मातृभाषांची १९,५६९ नावे सांगितली. छाननीनंतर ती १,३६९ वर आली आणि अखेरीस १२१ भाषांत बसविण्यात आली. नंदुरबारच्या डोंगरातील पावरी, नवापूरकडील मावची, वसावे मंडळींची वसावी या सर्व 'भिली/भिलोडी' या एका शीर्षाखाली गेल्या; अहिराणी व गुजरी 'खानदेशी'त गेल्या. भाषावैज्ञानिक दृष्टीने अशा गटवारीस आधार आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणातही भिली व खानदेशी एकाच खंडात आहेत. परंतु शाळेत कोणत्या बोलीची वाचनपुस्तिका लागेल, हे ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास 'भिली' या शीर्षाखालील एक कोटीहून अधिक भाषकांचा आकडा काहीच सांगत नाही. शिवाय २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने आणि पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ठरल्याने, शेकडेवारीचा छेद बहुधा २०११ च्या लोकसंख्येचा अंदाज असतो. अंश ताजा आणि छेद शिळा असे हे अपूर्णांक आहेत. फलकावर मात्र त्यांचा दशांश दोन स्थळांपर्यंत झळकतो.

कुपोषणाच्या नोंदी याहून बोलक्या आहेत. उंचीच्या मानाने वजन पाहून ज्या बालकांस तीव्र कुपोषित ठरविले जाते आणि दंडाचा घेर ११५ मिलिमीटरहून कमी भरल्यामुळे ज्यांस तसे ठरविले जाते, ती सर्वस्वी एकच बालके नसतात. दोन्ही मापे शास्त्रमान्य असूनही त्यांच्या याद्या जुळत नाहीत. यात कोणी असत्य बोलत नाही. पण ही विसंगती ज्यास ठाऊक आहे ती अंगणवाडी सेविका, आणि ज्याच्यापुढे एकच बेरीज जाते तो अधिकारी, या दोघांमध्ये स्पष्टीकरणाचा रकाना नसतो. २०२१ साली राज्यातील सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले, तेव्हा नोंदीच्या अ‍ॅपची भाषा इंग्रजी असणे हीही त्यांच्या तक्रारींपैकी एक होती. पावरीत बोलणाऱ्या आईचे उत्तर मराठीत समजून घ्यावे आणि इंग्रजीत भरावे, या दुहेरी भाषांतरात जे गळते त्याची मोजणी कोणताही निर्देशांक करीत नाही.

अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रतिवर्षी प्रत्येक जिल्ह्याचे 'सामाजिक व आर्थिक समालोचन' प्रसिद्ध करते. 'समालोचन' म्हणजे सम्यक् अवलोकन; गुणदोषविवेचन हा त्याचा अंगभूत अर्थ. प्रत्यक्षात ग्रंथाचा बहुतेक भाग तक्त्यांनी व्यापलेला असतो. तक्ते काळजीपूर्वक केलेले आणि अभ्यासकास बहुमोल असतात, यात शंका नाही. पण त्यांत एखादा आकडा गतवर्षीपेक्षा का बदलला, व्याख्या बदलली की वस्तुस्थिती, असा प्रश्न उपस्थित करणारे वाक्य शोधूनही क्वचितच मिळते. समीक्षेचे नाव आहे, समीक्षक नाही. विद्यापीठांच्या भाषा, अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी ही जागा घ्यावयास हरकत नसावी. जिल्ह्याचे समालोचन हा पदव्युत्तर वर्गात वाचावयाचा ग्रंथ मानला, तर त्यावर टीका लिहिणारे विद्यार्थी तयार होतील.

महाराष्ट्राच्या महसुली व्यवहारात या सर्व चर्चेस उपयोगी पडणारी एक जुनी पद्धत आहे, ती चावडीवाचनाची. गावाच्या दप्तरातील नोंदी चावडीवर मोठ्याने वाचावयाच्या, ज्याच्याविषयीची नोंद आहे त्याने ती ऐकावयाची आणि चुकली असल्यास तेथेच हरकत घ्यावयाची. २०१७ साली संगणकीकृत सात-बारा निर्दोष करण्यासाठी शासनाने राज्यभर पुन्हा याच पद्धतीचा आश्रय घेतला. यंत्रात शिरलेल्या चुका यंत्रास नव्हे, कानांना सापडतात, याची ती कबुलीच होती. डॅशबोर्ड वरून पाहिला जातो. चावडीवाचन समोरासमोर ऐकले जाते. पहिल्यात आकडा अहवाल होतो, दुसऱ्यात तो विधान होतो, आणि विधान खोडून काढता येते. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस जे अधिकार दिले आहेत, त्यांच्या आधारे पोषण, शाळा, रोजगार व वनहक्क यांच्या नोंदींचे असे वाचन तेथील बोलीत करणे अशक्य नाही. प्रत्येक शेकडेवारीसोबत छेदाचे वर्ष लिहिणे, नोंद करणाऱ्यास अभिप्रायाचा एक रकाना देणे आणि हरकतीनंतर किती नोंदी बदलल्या हाच एक निर्देशांक मानणे, यांस यंत्रांचा नवा खर्चही लागत नाही.

संस्थेची विदासंस्कृती तिच्यापाशी किती आकडे साठले यावरून ठरवू नये. तिचे किती आकडे बाहेरच्या माणसाने आव्हान दिल्यावर दुरुस्त झाले, यावरून ती ठरवावी. या मापाने पाहता ऊस-उत्पादकाने आपल्या उताऱ्यासाठी जो हक्क मिळविला आहे, तो टेंभलीच्या आधारधारकास, अक्राणीच्या मातेस आणि काट्याखाली उभ्या असलेल्या तोडणी मजुरास मिळावयाचा आहे. तो मिळेपर्यंत जिल्हा आकांक्षितच राहील. तो मिळाला, तर 'आकांक्षी' हे रूप व्याकरणाप्रमाणे व्यवहारातही शुद्ध ठरेल.