फूल गाठीचं की गोंदाचं?

जालन्यातल्या नव्या फ्लॅटांमध्ये टीव्हीशेजारच्या भिंतीवर काय असणार, हे आता ठरून गेलंय. पूर्वी तिथं पळणारे सात पांढरे घोडे असायचे. आता दोरीचं फूल असतं. लाकडी काडी किंवा लोखंडी रिंग, तिच्यावर ऑफ-व्हाइट कॉटन दोरीच्या पाकळ्या, दोन-चार पानं, खाली विंचरलेली झालर. मॅक्रमे. वास्तुशांतीला जा, बारशाला जा, फूल दिसतंच. इन्स्टावर तर एक रील थांबवून पाहिलं की पुढचे आठ दिवस नुसत्या गाठी.

या फुलावर कोणी टीका लिहीत नाही. ‘छान आहे’, ‘घरीच केलं?’, ‘केवढ्याला?’ एवढ्यात विषय संपतो. वेब सिरीजच्या शेवटावरून आपण ग्रुपवर रात्रभर भांडतो, पण रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू चांगली का आणि वाईट का, हे सांगायला आपल्याकडं शब्द नसतात. मला ते शब्द हवे आहेत, कारण अंबडला माझ्या वहिनी ही फुलं करून विकतात. ‘छान आहे’ म्हणणारं गिऱ्हाईक पुढच्याच वाक्यात म्हणतं, ‘ऑनलाइन निम्म्यात मिळतं की.’ आणि खरंच मिळतं. पण ते हेच फूल आहे का?

आधी फूल होतं कसं ते पाहू. मॅक्रमेत सुई नसते, माग नसतो. दोरी आणि दहा बोटं. गाठी मोजक्याच. फुलासाठी सगळ्यात कामाची गाठ म्हणजे डबल हाफ हिच. एक दोरा ताठ धरायचा आणि बाकीचे दोरे एकेक करून त्याच्याभोवती दोनदा फिरवून आवळायचे. ताठ दोरा जिकडं वळवाल तिकडं गाठींची ओळ वळते. तिरपी ओळ नेऊन खाली वळवली की पाकळीची वरची कड झाली. पहिल्या टोकापासून दुसरी ओळ उलट्या बाजूनं वळवून तिला भेटवली की पाकळी बंद झाली. गंमत अशी की ज्या दोऱ्यानं हा आकार दिला तो शेवटी कुठंच दिसत नाही. बाकीच्यांनी त्याला पूर्ण झाकलेलं असतं.

हिशेब करायची सवय आहे, म्हणून केला. आठ दोऱ्यांच्या पाकळीत एका कडेला सात दोरे ताठ दोऱ्यावर बांधायचे. प्रत्येकाचे दोन वेढे, म्हणजे १४. दोन्ही कडांचे २८. सहा पाकळ्यांच्या फुलाचे १६८ वेढे, आणि ही फक्त बाह्यरेषा. मधला गोळा, पानं, झालर वेगळी. एक वेढा ढिला राहिला की पुढची सगळी ओळ पोट काढते. कोडमध्ये चुकीची ओळ सापडली की ती एकटी दुरुस्त करता येते. इथं तिथपर्यंत सगळं उसवत यावं लागतं.

निम्म्या किमतीचं फूल वेगळ्या रस्त्यानं येतं. दोरीचे तुकडे कापायचे, एका दांड्यावर ओवून कंगव्यानं विंचरायचे, पाकळीच्या आकारात कात्री मारायची, वर स्टार्च किंवा स्प्रे. अशा सहा-आठ पाकळ्या ग्लू गननं तारेवर किंवा पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. मध्ये लाकडी मणी. फोटोत सुंदर दिसतं. खरं सांगायचं तर फोटोत ते गाठींच्या फुलापेक्षा जास्त सुंदर दिसतं, कारण विंचरलेल्या दोरीवर उजेड मऊ पडतो. फोनच्या स्क्रीनवर गाठ म्हणजे चार पिक्सेलचा ठिपका.

माझी कसोटी साधी आहे. फूल भिंतीवरून काढा आणि उलटं करा. गाठींच्या फुलाची पाठही वाचता येते. कुठला दोरा कुठून आला, कुठं वळला, सगळं दिसतं. चिकटवलेल्या फुलाच्या पाठीवर वाळलेले पिवळट थेंब असतात. मग ते बादलीत बुडवा. आपल्याकडं धूळ किती ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. गाठींचं फूल धुऊन वाळवून परत टांगता येतं. दुसरं एका पाण्यात संपतं.

तरी गोंद वाईट आणि गाठ पवित्र असं मला म्हणायचं नाही. शुद्धतेच्या आग्रहाचा एक चांगला उतारा आपल्या देशातच आहे, आणि मॅक्रमे शिकवणाऱ्या एकाही रीलमध्ये मी त्याचा उल्लेख ऐकलेला नाही. मृणालिनी मुखर्जी. जन्म १९४९ चा, मुंबईचा. वडील चित्रकार बिनोदबिहारी, आई शिल्पकार लीला. बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकल्या. हे सुब्रमण्यन स्वतः काही काळ मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम केलेले, त्यामुळं दोरा-दोरी ही त्यांच्यासाठी हलकी गोष्ट नव्हती. मुखर्जींनी बाजारात मिळणारी तागासारखी जाड दोरी घेतली, रंगवली आणि गाठी मारमारून माणसाएवढी, कधी त्याहून मोठी शिल्पं उभी केली. आधी रेखाटन नाही, नमुना नाही. एकेका कामाला महिनोन् महिने.

त्यांच्या शिल्पांची नावं पाहा: ‘यक्षी’, ‘वनश्री’, ‘पुष्प’, ‘आदि पुष्प’. लंडनच्या टेट संग्रहालयात २००० सालचं ‘जौबा’ आहे. बंगालीत जबा म्हणजे जास्वंद. ही फुलं टीव्हीशेजारी लावता येणार नाहीत. त्यांच्या पाकळ्या जाड, घडीवर घडी घातलेल्या. काही ओठांसारख्या उघडतात, काही स्वतःच्या वजनानं लोंबतात. फूल हा वनस्पतीचा जननेंद्रियाचा भाग आहे हे आपण दहावीच्या पुस्तकात वाचतो आणि भिंतीवर लावताना विसरतो. मुखर्जी विसरू देत नाहीत. आणि या शिल्पांच्या आत धातूचा सांगाडा असतो! म्हणजे नुसती गाठ पुरते असा त्यांचाही दावा नाही. पण सांगाडा वजन धरतो, आकार गाठीतून येतो. गाठी काढल्या तर मागं फूल उरत नाही, सळया उरतात. चिकटवलेल्या फुलात उलट आहे. तिथं आकार कात्रीनं दिला आणि दोरी नुसती वरून लावली.

त्यांच्या कामाला बरीच वर्षं ‘हे क्राफ्ट आहे’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मोठं प्रदर्शन भरलं ते २०१५ साली, आणि ते उघडल्यावर काही दिवसांतच त्या गेल्या. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये २०१९ ला त्यांचं काम मांडलं गेलं, तेव्हा कुठं सगळीकडं लिहून आलं.

निदान त्यांच्याबद्दल लिहून आलं. गाठीचं आपल्या मातीतलं घराणं याहून जवळ आहे आणि त्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही.

मॅक्रमे हा शब्द अरबी ‘मिक्रमा’वरून आला असं सांगतात. झालरीचं आच्छादन, मग इटली, मग खलाशी, मग इंग्लंडातल्या बायका, मग सत्तरच्या दशकातले हिप्पी. प्रत्येक ट्यूटोरियल एवढा प्रवास करतं आणि मग कुंडी टांगायचा ‘प्लांट हँगर’ शिकवतं. तो पाहून माझी आजी म्हणाली, ‘हे तर शिंकं.’ बरोबर आहे. खाली गाठ, चार पदर वर, मध्ये मडकं. दह्याचं, लोण्याचं. शिंकं तुटलं की बोक्याचं फावायचं, म्हणून ते तुटू नये असं बांधलेलं असायचं. बैलाची म्होरकी, पोळ्याचे गोंडे, मुसकं, गोफण, बाजेची विणलेली नक्षी, सगळी गाठींची आणि पदरांची कामं. मराठीत गाठीला दोन जुनी नावं आहेत, ओढली की सुटणारी सुरगाठ आणि न सुटणारी निरगाठ. ‘निरगाठ सुटेना’ असं आपण अजून म्हणतो. हात मात्र विसरले.

हे हात कोणाचे होते तेही सांगायला पाहिजे. दोर वळायचं काम मराठवाड्यात मातंग समाजाकडं होतं. बांधावरच्या केकताडाची पानं तोडायची, ओढ्याच्या पाण्यात कुजवायची, त्या कुजक्या वासात उभं राहून झोडपून, धुऊन वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे. कासरे, दावी, चऱ्हाट गावाला पुरवायची आणि सुगीला त्याचं बलुतं धान्यात घ्यायचं. नंतर नायलॉन आलं आणि हे काम बसलं. त्या दोराला कोणी ‘हँडमेड’ म्हटलं नाही. त्या वासामुळं माणसांनाच लांब ठेवलं. आज तीच गाठ स्वच्छ कापसाच्या दोरीत, एसी दिवाणखान्यात ‘बोहो’ नावानं आली, तेव्हा तिची वंशावळ आपण अरबस्तानातून सुरू करतो, वेशीबाहेरच्या वस्तीतून करत नाही. मिक्रमाची गोष्ट खोटी नाही. पण ती आपल्याला सोयीची पडते.

म्हणून मला फुलांच्या डिझाइनवरही बोलायचं आहे. सगळीकडं तीच फुलं: डेझी, डेलिया, सूर्यफूल, आणि पानं मॉन्स्टेराची. जालन्याच्या माणसानं बांधावर मॉन्स्टेरा कधी पाहिला? तरवड पाहिलाय, रुई पाहिलीय, पळस पाहिलाय. सगळ्यात जास्त पाहिलीय ती पराटी. दोरी कापसाची, जिल्हा कापसाचा, आणि कापसाचं फूल कोणीच करत नाही. जे करतात ते फुटलेलं बोंड करतात, पांढरा गोळा आणि खाली तपकिरी काडी. ते तर सोपं आहे.

कापसाचं फूल नीट पाहिलंय का? पाच पाकळ्या. पहिल्या दिवशी फिकट पिवळसर, नंतर गुलाबी पडत जातं. कापूस आणि जास्वंद एकाच कुळातले. दोघांच्याही पाकळ्या कळीत एकमेकींवर चढून पिळलेल्या असतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी कड दुसरीच्या खाली, सगळ्या एकाच दिशेला. हे गोंदानं करायचं तर शेवटची पाकळी पहिलीच्या खाली सरकवता येत नाही, कारण पहिली आधीच चिकटलेली असते. गाठीत येतं. एका पाकळीचे दोरे दुसरीच्या खालून पुढं न्यायचे. शिवाय अर्धी गाठ एकाच बाजूनं मारत राहिलं की पदर आपोआप पिळ घेतो, नवशिक्यांना याचाच वैताग येतो. कापसाच्या फुलात हा वैताग कामाला येतो. तिथं दोरी जे मुळात करते तेच फूलही करतं. डेझीच्या सपाट पाकळ्यांसाठी गाठीची गरजच नाही, म्हणून तिथं ग्लू गन जिंकते आणि निम्म्या भावात विकते.

वहिनींना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, पराटीचं फूल पैसे देऊन कोण घेणार? लोक म्हणतील शेतात काय कमी आहे?’

प्रश्न खरा आहे. डिझाइन बदलल्यानं गिऱ्हाईक बदलत नाही. दोन फुटांच्या फुलाला त्यांच्या चार संध्याकाळी जातात, स्वयंपाक आटोपून, मुलाचा अभ्यास घेता घेता. दोरीचे आणि रिंगचे पैसे वजा केले तर एका संध्याकाळचे जे उरतात ते शेतमजुरीच्या आसपासही जात नाहीत. रिंग त्या कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतात. सळयांच्या जिल्ह्यात निदान ते स्वस्त पडतं. दोरी कुरिअरनं येते. प्रदर्शनात स्टॉल लावला तर दिवसभर लोक फोटो काढून नेतात, घरी करून पाहू म्हणून. मी सुचवलं, स्टॉलवर एक फूल उलटं टांगा, पाठ लोकांकडं करून, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. त्या हसल्या. ‘लोक म्हणतील धुणं वाळत घातलंय.’

तरी कापसाचं फूल त्यांनी करायला घेतलंय. पाच पाकळ्या, हळद टाकून रंगवलेली फिकट दोरी, एका बाजूला गुलाबी होत जाणारी. पाकळ्या जमल्या. अडलंय खाली, जिथं फुलाला धरणारी तीन दातेरी पानं असतात तिथं. त्यांचे दाते गाठीत येत नाहीत, सरळ रेष येते. दोनदा उसवून झालं. परवा त्यांनी फोटो पाठवला, फूल रिंगवर आणि खालच्या तिन्ही पानांचे दोरे सुटून लोंबलेले. सोबत एकच ओळ: ‘पातेगळ झाली.’