चांद्याच्या राजवंशाची वंशावळ : एक परीक्षण

चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसूल बंदोबस्ताचा १८६९ सालचा अहवाल मेजर ल्यूसी स्मिथ यांनी वस्तुतः सारा ठरविण्यासाठी लिहिला. तथापि पुढील काळात त्याचा लौकिक झाला तो इतिहासग्रंथ म्हणून. चांद्याच्या गोंड राजांची जी वंशावळ आज ठिकठिकाणी उद्धृत होते, ती याच अहवालाच्या परंपरेतून रूढ झाली. ग्रंथ जुना झाला म्हणजे त्याचे परीक्षण संपले, असे आम्ही मानीत नाही. उलट ज्या ग्रंथावर इतके लेखक विसंबले, त्याची पारख अधिक काटेकोरपणे व्हावयास हवी.

प्रथम ग्रंथकाराचे ऋण मान्य करणे अवश्य आहे. खांडक्या बल्लाळशाहाने झरपट नदीच्या काठी नगर कसे वसविले आणि हीरशाहाने जंगल तोडणारास व तलाव बांधणारास जमिनी कशा बहाल केल्या, या आख्यायिका तेव्हा वेळीच कागदावर आल्या नसत्या तर बहुधा लोप पावल्या असत्या. तलावाच्या मोबदल्यात जमीन देण्याच्या ज्या रीतीस ‘तुकूम’ म्हणत, तिचे नाव चंद्रपूर शहरातील एक वस्ती अद्याप धारण करून आहे.

आता दोषांकडे वळू. या यादीचा प्रारंभ भीम बल्लाळसिंहापासून, इ. स. ८७० मध्ये होतो. शेवट नीळकंठशाहापाशी, १७५१ मध्ये, रघूजी भोसल्यांच्या विजयाने होतो. म्हणजे ८८१ वर्षांत अवघ्या १९ राजवटी. सरासरी प्रत्येकी ४६ वर्षांहून अधिक! एखादा राजा दीर्घायुषी निघतो हे खरे. पण एकोणीसच्या एकोणीस राजवटींची सरासरी इतकी पडावी, हे कोणत्याही घराण्याच्या इतिहासात सहसा आढळणारे नव्हे. त्यातही बाबाजी बल्लाळशाहाच्या वाट्यास १४४२ ते १५२२ अशी ८० वर्षे आली आहेत. परंतु अबुल फजलाच्या ‘आइने-अकबरी’त चांद्याच्या ज्या गोंड राजाचा उल्लेख येतो तो हाच बाबाजी, आणि अकबराचे राज्यारोहण १५५६ सालचे! यादी खरी मानावी तर अकबराच्या दरबारी ग्रंथकाराने मृत राजाची नोंद केली, असे म्हणावे लागेल.

मग ही वंशावळ टाकाऊ ठरवावी काय? आमचे मत तसे नाही. एका राजवटीस २५ ते ३० वर्षे धरून १७५१ पासून मागे मोजत जावे. बाबाजीसह शेवटच्या सहा राजवटी मोजल्या की आपण १५७१ ते १६०१ च्या दरम्यान, म्हणजे अकबराच्याच काळात, येऊन पोहोचतो. याच रीतीने खांडक्या बल्लाळशाह पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो. यादीप्रमाणे मात्र तो १२४२ मध्ये गादीवर बसला. तात्पर्य, या भागापुरता तरी भाटांच्या आणि वृद्धांच्या स्मरणातील क्रम विश्वासार्ह आहे. अविश्वसनीय आहेत ती त्यावर चढविलेली सालें. वंशाला प्राचीनत्व यावे म्हणून वर्षे ताणली गेली, आणि ती छापली गेल्यामुळे त्यांस प्रामाण्य आले.

दुसरा दोष आम्हांस अधिक खटकतो. बीरशाहानंतर रामशाह असा सरळ क्रम लावून १६७२ पासूनची ६३ वर्षे रामशाहाच्या नावे टाकली आहेत. वास्तविक रामशाह हा बीरशाहाचा पुत्र नव्हे. तो चांदनखेड्याच्या शाखेतील, दत्तक घेतलेला. त्याच्या अज्ञानपणी राज्य सांभाळले ते राणी हिराईने. जिने पतीची समाधी उभारली व महाकालीचे मंदिर बांधविले, तिला राजांच्या यादीत मात्र एक ओळही नाही. रक्ताचा धागा तुटला असता ज्या स्त्रीने घराणे सांधले, तिलाच वगळून वंश अखंड असल्याचे दाखविणे हा वंशावळ लिहिण्याचा फार जुना रोग आहे.

हे परीक्षण केवळ पंडिती वादासाठी नाही. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना चांद्यास फाशी दिले गेले. आणि त्यानंतर अकरा वर्षांनी हा अहवाल आला. गाव कोणाचे, मालगुजार कोण, अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांचे हक्क कोणते, हे त्या बंदोबस्तात ठरत होते. ज्याची वंशावळ कागदावर आली त्याचा हक्क कागदावर आला. ज्याच्या पणज्याने तलाव खणला पण ज्याच्यापाशी सनद नव्हती, तो कूळ ठरला.

तो प्रश्न अद्याप मिटलेला नाही. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात व खुद्द चंद्रपुरातही २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे दाखल होतात. जो आदिवासी नाही अशा पारंपरिक वननिवाशास १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा वास सिद्ध करावा लागतो, आणि कायद्याने पिढी धरली आहे २५ वर्षांची. २००८ च्या नियमांनी वंशावळ व वृद्धांचे लिहून घेतलेले कथन ही दोन्ही पुराव्यांत गणली आहेत.

राजाच्या वंशावळीत एका राजवटीस ८० वर्षे दिली तरी ती दीर्घकाळ निमूटपणे उद्धृत होत राहिली. मग शेतकऱ्याच्या तोंडी आलेल्या तीन नावांकडे संशयाने पाहण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? नावे आणि क्रम जपून ऐकावेत, सालें मात्र तपासून घ्यावीत, हा एकच न्याय राजवाड्यास आणि झोपडीस लागू केला पाहिजे. ल्यूसी स्मिथ यांचा अहवाल याच दृष्टीने पुन्हा वाचावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे.