डॉ. गंगाधर अधिकारी यांचा साधनसंग्रह : एक परीक्षण

पेशवेकालीन रुमाल सोडण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना या पृष्ठांत कम्युनिस्ट पक्षाच्या कागदांचे परीक्षण पाहून नवल वाटेल. परंतु अस्सल कागद कोणत्याही पक्षाचा असो, तो इतिहासाचे साधनच होय. शिवाय संग्राहक आमच्याच जुन्या कुलाबा जिल्ह्यातले. डॉ. गंगाधर मोरेश्वर अधिकारी यांचा जन्म १८९८ साली पनवेल येथे झाला. आम्ही ज्या जिते गावी बसून हे लिहीत आहो, ते पनवेल-रोहे लोहमार्गावरच आहे. त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाच्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९५० साली नियोजन मंडळावर गेले व अर्थमंत्रीही झाले. अधिकाऱ्यांच्या वाट्यास राज्याचे नियोजन आले नाही, पक्षाच्या दप्तराचे आले.

त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्यासारखे आहे. बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरी, डिसेंबर १९२८ मध्ये स्वदेशी आगमन, लागलीच मार्च १९२९ मध्ये मेरठच्या खटल्यात अटक, आणि सुटकेनंतर पक्षाचे सरचिटणीसपद. कम्युनिस्ट जाहीरनाम्याचे मराठी भाषांतरही त्यांच्याच हातचे. असो.

प्रस्तुत संग्रह इंग्रजीत आहे. १९१७ ते १९२२ या काळाचा पहिला खंड १९७१ साली निघाला, १९२३ ते १९२५ चा दुसरा १९७४ साली. तिसऱ्याचे १९२६, १९२७ व १९२८ असे तीन भाग असून शेवटचा भाग संपादकांच्या निधनानंतर, १९८२ साली, बाहेर पडला.

संपादकाची कसोटी आपल्या पक्षास अडचणीचा कागद हाती आला असता लागते. पक्षाचा जन्म केव्हाचा, याविषयी १९६४ च्या फुटीनंतर दोन मते पडली. एका पक्षाच्या मते तो १९२० साली ताश्कंद येथे झाला. अधिकारी ज्या पक्षात राहिले, तो डिसेंबर १९२५ ची कानपूर परिषद प्रमाण मानतो. तथापि ताश्कंदच्या १७ ऑक्टोबर १९२० च्या सभेचा वृत्तान्त, ज्यात सात जणांनी पक्ष स्थापिल्याची नोंद आहे, तो अधिकाऱ्यांनी पहिल्या खंडात छापला आहे. प्रतिपक्षाच्या हाती शस्त्र देणारा कागद त्यांनी दडविला नाही. वतनाच्या भांडणात अडचणीची सनद ‘गहाळ झाली’ म्हणणारी घराणी आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या मानाने हे वर्तन फार थोर आहे.

आमचा आक्षेप प्रस्तावनांवर आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी संपादक आपला निर्णय सांगून मोकळे होतात आणि मग मूळ येते. आमच्या परंपरेत भाष्य मुळाखाली लिहितात. येथे ते अगोदर वाचावे लागते, त्यामुळे वाचकाचे मन आधीच वळते. नव्या अभ्यासकांनी कागद प्रथम वाचावा, प्रस्तावना मागाहून.

दुसरी गोष्ट अधिक खेदाची. संग्रह १९२८ पाशी थांबला, म्हणजे जेथे संपादक स्वतः रंगभूमीवर येतात तेथेच. सप्टेंबर १९४२ मध्ये त्यांनी पक्षापुढे जो अहवाल मांडला, त्यात भारतातील निरनिराळ्या राष्ट्रकांस फुटून निघण्यापर्यंतचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला होता. पाकिस्तानच्या मागणीस त्याने बळ दिले, असा दोष त्यावर आजवर येत आहे. ताश्कंदच्या कागदास जो न्याय त्यांनी दिला, तो स्वतःच्या या कागदास दिला असता काय, हे पाहण्याची संधी आम्हांस मिळाली नाही.