अंदाज सर्वांचा की गिऱ्हाइकांचा?

उद्या दुपारी पाऊस येणार का, हे आजकाल मुले मोबाइल पाहून सांगतात. हे तुला कोणी सांगितले, असे विचारले तर उत्तर येते, 'मोबाइलने!' पाणी कुठून येते या प्रश्नाला 'नळातून' असे उत्तर मिळावे, तसाच हा प्रकार. मायकेल लुइस या अमेरिकन लेखकाच्या 'द फिफ्थ रिस्क' (२०१८) या इंग्रजी पुस्तकाचा तिसरा भाग या नळामागे काय चालते ते दाखवतो, म्हणून त्याविषयी येथे लिहीत आहोत.

पुस्तक तसे राज्यकारभारावरचे आहे. २०१६ च्या निवडणुकीनंतर अमेरिकेत सत्तांतर झाले, तेव्हा ऊर्जा, कृषी आणि वाणिज्य या खात्यांत काय घडले, हा त्याचा विषय. आता वाणिज्य खात्यात हवामान कसे आले? तर समुद्र आणि वातावरण यांचा अभ्यास करणारी 'नोआ' ही संस्था आणि तिच्या अखत्यारीतील राष्ट्रीय हवामान सेवा याच खात्यात मोडतात. लुइस लिहीत होता त्या काळी खात्याचा निम्म्याहून अधिक पैसा एकट्या नोआकडे जात असे. उपग्रह, रडार, समुद्रातले बोये, दिवसातून दोनदा आकाशात सोडले जाणारे फुगे आणि महासंगणक यांवर तो खर्च होतो. या सर्वांतून मिळणारी माहिती मात्र कोणालाही फुकट मिळते.

फुकट माहितीचे काय होते, याची दोन उदाहरणे लुइसने छान रंगवली आहेत. डी. जे. पाटील हा मेरीलँड विद्यापीठातला विद्यार्थी. सरकारी संगणकांवर पडून असलेली हवामानाची आकडेवारी त्याने रात्री-रात्री उतरवून घेतली आणि तिच्यावर आपले संशोधन केले. पुढे २०१५ साली तो अमेरिकन सरकारचा पहिला मुख्य डेटा-वैज्ञानिक झाला. दुसरा डेव्हिड फ्रीडबर्ग. सॅनफ्रान्सिस्कोत सायकली भाड्याने देणारी एक टपरी पावसात बंद राहते, हे त्याने जाता-येता पाहिले. पावसाने बुडणाऱ्या धंद्याला विमा का विकू नये? त्यातून २००६ साली कंपनी निघाली, ती शेतकऱ्यांकडे वळली आणि २०१३ साली मॉन्सँटोने ती सुमारे शंभर कोटी डॉलरना विकत घेतली. मूळ भांडवल कोणते, तर सरकारने वर्षानुवर्षे जमवलेले पावसाचे आणि तापमानाचे आकडे.

इथपर्यंत कोणाचीच तक्रार नसावी. तक्रार सुरू होते ती 'ॲक्युवेदर'पाशी. जोएल मायर्स यांनी पेनसिल्व्हेनियात विद्यार्थिदशेतच १९६२ साली हा व्यवसाय सुरू केला. पहिले गिऱ्हाईक एक गॅस कंपनी. उद्या थंडी किती, हे कळले की गॅस किती लागेल हे कळते. हा सरळ धंदा आहे आणि त्यात कौशल्यही आहे. सरकारी अंदाज सर्वांसाठी असतो; रेल्वेला आपल्या रुळांपुरता, दुकानदाराला आपल्या गावापुरता हवा असतो. अनेक प्रारूपांचे निकाल एकत्र करून, स्थानिक अनुभवाने दुरुस्त करून तो देणे हे खरेच काम आहे. लुइस याला पुरेसे महत्त्व देत नाही, असे आम्हाला वाटते.

पण २००५ साली पेनसिल्व्हेनियाच्याच एका सिनेटरने विधेयक मांडले. खासगी कंपन्या जे देऊ शकतात ते हवामान सेवेने लोकांना देऊ नये. जीवित-वित्ताला धोका असेल तेवढे इशारे द्यावेत, असा त्याचा आशय होता. म्हणजे मोजमापे जनतेच्या पैशाने होणार, अंदाज मात्र जनतेने पुन्हा पैसे मोजून घ्यायचा! विधेयक बारगळले. २०१७ साली ॲक्युवेदरचे प्रमुख बॅरी मायर्स यांचेच नाव नोआच्या प्रमुखपदासाठी पुढे आले. सिनेटची मंजुरी मिळाली नाही आणि २०१९ साली त्यांनी नाव मागे घेतले.

याच कंपनीची एक हकीकत लुइसने दिली आहे. टॉर्नेडो, म्हणजे ढगातून सोंडेसारखा खाली उतरणारा वाऱ्याचा भोवरा, येत असल्याचे कंपनीने एका रेल्वेला कळवले. दोन गाड्या एकमेकींपासून दोन मैलांवर थांबवल्या गेल्या आणि वादळ त्यांच्या मधून निघून गेले. पुढे ते एका गावात शिरले. ते गाव कंपनीचे गिऱ्हाईक नव्हते. तेथे माणसे मेली. कंपनीच्या दृष्टीने हा सेवेच्या उपयुक्ततेचा दाखला होता. वर्गात ही हकीकत सांगावी आणि चर्चा मुलांवर सोडावी.

अर्थात इशारा फुकट मिळाला म्हणजे माणूस वाचतोच असे नाही. २०११ साली मिसुरीतील जॉप्लिन गावात भोंगे वाजले होते, तरी दीडशेहून अधिक लोक दगावले. लोक इशारा ऐकून हलत का नाहीत, या प्रश्नाचा ध्यास घेतलेल्या नोआच्या तत्कालीन प्रमुख कॅथी सलिव्हन यांच्यावरची पाने आम्हाला या भागात सर्वांत आवडली. अंतराळात चालणारी ही पहिली अमेरिकन स्त्री. पण लुइस त्या चालण्यावर थांबत नाही, हे चांगले.

पुस्तकाची मोठी उणीव ही की अंदाज बनतो कसा, हे त्यात जवळजवळ नाही. चांगले सरकारी नोकर आणि लोभी कंपनी अशी नाट्यरचना वाचनीय आहे, पण त्यामुळे वाचकाच्या हाती मापदंड येत नाही. कंपनीचा दावा तपासायचा कसा? ॲक्युवेदरने २०१३ साली ४५ दिवसांचा आणि २०१६ साली ९० दिवसांचा रोजवार अंदाज द्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेक हवामानशास्त्रज्ञांनी टीका केली. १९६३ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी दाखवले की सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूकही वाढत जाते. त्यामुळे विशिष्ट दिवसाचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे टिकत नाही. हे वर्गात करून पाहता येते. आज दिसणारा महिन्यानंतरचा अंदाज वहीत लिहून ठेवावा, शेजारी त्याच तारखेची अनेक वर्षांची सरासरी लिहावी आणि तो दिवस उजाडल्यावर दोन्ही प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. एका दिवसावरून काही ठरत नाही. तीसेक दिवस चिकाटी धरावी.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'महावेध' प्रकल्पात स्कायमेट या खासगी कंपनीबरोबर दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभारायला घेतली. हवामानावर आधारित पीकविम्यात भरपाई अशा नोंदींवरून ठरते. तेव्हा मोजमाप कोणाचे, ते कोण तपासतो आणि शेतकऱ्याला ते पाहता येते का, हे प्रश्न आपल्या गावातही विचारता येतील.

पुस्तकानंतर अमेरिकेत चित्र आणखी पालटले आहे. २०२५ साली नोकरकपातीनंतर काही सरकारी केंद्रांवरचे फुगे कमी झाले किंवा थांबले, आणि पश्चिम अलास्कातील उणीव भरून काढायला विंडबोर्न या खासगी कंपनीच्या फुग्यांची मोजमापे वापरली गेली. लुइसच्या पुस्तकात मोजणारे सरकार आणि विकणारी कंपनी अशी वाटणी स्पष्ट आहे. येथे कंपनी स्वतःच मोजते आणि गिऱ्हाईक सरकार असते.